झेंडूच्या वाटेने



जोडीदाराच्या निधनानंतर घरातच मिटून बसलेल्या ज्येष्ठांना मुले आग्रह करतात, ‘चला, कुठेतरी फिरून येऊ, मन रमेल.’ हेतू प्रेमाचाच असतो. मात्र ‘मन रमेल’ या शब्दांआड पुष्कळदा ‘विसर पडेल’ असा अर्थ दडलेला असतो, आणि नेमके तेच त्या व्यक्तीला नको असते. म्हणून आज एका वेगळ्या समूहसहलीचा विचार करू. गेलेल्यांना विसरण्यासाठी नव्हे, तर आठवण्यासाठी ही सहल काढली जाते.

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबर हे दिवस मृतांच्या स्मरणाचे मानले जातात. पहिला दिवस बालपणीच गेलेल्या मुलांचा, दुसरा प्रौढांचा. या काळात आपली माणसे घरी भेटीला येतात, अशी तेथील श्रद्धा आहे. त्यांच्यासाठी घरोघरी ‘ओफ्रेंदा’ मांडतात. त्यावर गेलेल्यांची छायाचित्रे, मेणबत्त्या, कोपाल या झाडाच्या डिंकाचा धूप, मीठ, गोडसर पाव आणि त्या व्यक्तीच्या आवडीचा पदार्थ असतो. लांबून तहानलेला येणार म्हणून पाण्याचा पेलाही असतो. येणाऱ्याला घर सापडावे यासाठी झेंडूच्या पाकळ्यांची वाट आखली जाते. ही परंपरा २००८ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली गेली.

आपल्या दसऱ्या-दिवाळीच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. पितृपंधरवड्यात आपणही गेलेल्यांसाठी पान वाढतो, त्यांच्या आवडीची भाजी करतो. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहतात. त्यामुळे तेथील दृश्य आपल्याला अगदीच परके वाटत नाही. वेगळेपण आहे ते मोकळेपणात. मिचोआकान प्रांतातील पात्स्कुआरो सरोवराच्या काठी १ नोव्हेंबरच्या रात्री कुटुंबेच्या कुटुंबे दफनभूमीत जागतात. कबर फुलांनी सजवतात, शेजारी बसून जेवतात, आजोबांच्या खोड्या आठवून हसतात आणि हसता हसता रडतातही. त्यांना कोणी ‘आता पुरे’ म्हणत नाही.

शोकाविषयीचा विचारही गेल्या काही दशकांत बदलला आहे. गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणे हाच शोकाचा शेवट, असे पूर्वी मानले जाई. १९९६ साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी संपादित केलेल्या ग्रंथात वेगळी भूमिका पुढे आली. नाते संपत नाही, त्याचे रूप बदलते आणि ते जपत जगणे हेही निरोगी असू शकते, असे त्यांनी मांडले. अशा सहलीत बरोबरच्या प्रत्येकाच्या पाकिटात कोणाचा तरी फोटो असतो. घरी ज्यांचे नाव निघताच सगळे विषय बदलतात, त्यांच्याविषयी येथे कोणीतरी आपणहून विचारते. समूहाचा खरा लाभ हाच.

तथापि, ही सहल प्रत्येकासाठी नाही. मृत्यू अगदी अलीकडचा असेल तर घाई करू नये. सहा महिने उलटल्यावरही तीव्र दुःख ओसरत नसेल, झोप-जेवण आणि रोजचे व्यवहार विस्कळीतच असतील, किंवा ‘मलाही आता जायचे आहे’ असे उद्गार निघत असतील, तर तिकिटे काढण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. असे उद्गार निघाले तर सहा महिन्यांचीही वाट पाहू नये. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला अनोळखी जागी, रात्रीच्या गर्दीत नेणे टाळावे.

शरीराची तयारीही तितकीच आवश्यक आहे. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर. मेक्सिको सिटी सुमारे २,२४० मीटरवर आहे आणि पात्स्कुआरोही दोन हजार मीटरहून उंच आहे. तेथे चालताना धाप लागू शकते, झोपही मोडते. हृदयविकार, फुप्फुसांचा आजार किंवा रक्तक्षय असल्यास डॉक्टरांची संमती घ्यावी आणि पहिले दोन दिवस विश्रांतीचे ठेवावेत. सुमारे १,५५० मीटरवरील वाहाका शहर तुलनेने सोपे जाते. सरोवरातील हानित्सिओ बेटावर चढ-पायऱ्या पुष्कळ आहेत. गुडघे दुखत असतील तर रस्त्याने पोहोचता येणारे गाव निवडावे.

मेक्सिको सिटीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते. इन्सुलिन व इतर औषधांच्या बदललेल्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. औषधे आणि चिठ्ठी हातातील पिशवीतच ठेवावी. विमानात अधूनमधून उठून चालावे, बसल्या जागी पावले हलवावीत. पिण्यासाठी बाटलीबंद पाणीच घ्यावे. स्मरणाची रात्र उघड्यावर आणि थंडीत जाते. कानटोपी, शाल आणि घडीची खुर्ची बरोबर असावी. पहाटेपर्यंत थांबलेच पाहिजे असे नाही. एक-दोन तासांनी परतण्यासाठी वाहनाची सोय आहे का, हे सहल ठरवतानाच विचारावे.

आणखी एक पथ्य पाळावे. आपण तेथे पाहुणे असतो आणि समोरचे दुःख खरे असते. विचारल्यावाचून छायाचित्र काढू नये, कबरींवर पाय पडू देऊ नये.

काळजीवाहकांनो, एक गोष्ट आपल्यासाठी. वडिलांची औषधे सांभाळताना आपलीही आई गेली आहे, हे आपण विसरतो. त्या रात्री थोडा वेळ त्यांच्या शेजारी नुसते बसा. त्यांना डोळे पुसायला सांगू नका. आपलेही पुसू नका.

ज्यांना इतका दूरचा प्रवास शक्य नाही, त्यांनी घरीच एक संध्याकाळ ठरवावी. फोटोपुढे झेंडूची चार फुले, पाण्याचे भांडे आणि त्या माणसाच्या आवडीचा पदार्थ ठेवावा. मग घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला विचारावे, ‘तुमची पहिली भेट कुठे झाली होती?’ उत्तर यायला वेळ लागेल. तोवर कोणीही दूरदर्शन संच लावू नये.