आधी साल ठरवा, मग पितळ चिकटवा

बख्शी का तालाबला समुद्र नाही. डोक्यावर हवाई दलाची विमाने आणि चारी बाजूंना आमराई. तरीही ड्यूटी संपल्यावर इथल्या खोलीत युद्धनौका बांधता येते, 1:350 या प्रमाणात. प्लास्टिक किट जोडणाऱ्यांमध्ये एक वाद कायम चालतो : कंपनीने डब्यात दिले तेवढेच लावावे, की बाहेरून वेगळे सुटे भाग आणावेत?

माझे मत, आणावेत. कारण साधे आहे. साच्यातून प्लास्टिकची दांडी अर्धा मिलिमीटर जाड निघाली, तर 1:350 च्या हिशेबाने खऱ्या जहाजावर ती साडेसतरा सेंटिमीटर होते. म्हणजे कठड्याला मांडीएवढे दांडे! रसायनाने कोरलेल्या पातळ पितळी पत्र्यात मात्र तो कठडा नीट नाजूक येतो. रडारची जाळी, शिड्या, लेथवर कातलेल्या तोफांच्या नळ्या यांचेही तेच.

पण मित्रांनो, पाकिटात आले म्हणून सगळेच चिकटवू नका. युद्धनौका आयुष्यभर एकसारखी राहत नाही. आपली पहिली विक्रांत घ्या. 1961 साली नौदलात दाखल झाली, तेव्हा डेकवर वाफेवर चालणारे कॅटापुल्ट होते. 1971 च्या डिसेंबरात कॉक्स बाजारवर हल्ला करायला त्याच डेकवरून सी हॉक आणि अलिझे उडाली. ऐंशीच्या दशकाअखेर कॅटापुल्ट गेले, सी हॅरियरसाठी पुढे स्की-जंप आला. आता स्की-जंपही लावला आणि मागे सी हॉकही उभी केली, तर पितळ कितीही महागाचे असो, अशी विक्रांत कधी नव्हतीच. म्हणून आधी साल ठरवा, मग भाग मागवा.

कुणी म्हणेल, खेळण्यासाठी एवढा काथ्याकूट कशाला? विक्रांत 1997 साली निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि 2014 साली तोडली गेली. आता तिच्या डेकवर उभे राहून कुणाला काही पडताळता येणार नाही. माझगाव डॉकमध्ये बांधलेली गोमती 28 मे 2022 ला निवृत्त झाली. तिचे काही भाग लखनौत गोमती नदीकाठी मांडायचे ठरले, हे चांगलेच झाले. पण सगळ्याच जहाजांचे नशीब असे नसते. बाकीच्यांची आठवण फोटोंत, म्हाताऱ्या नौसैनिकांच्या डोक्यात आणि कुणाच्या तरी कपाटावरच्या मॉडेलमध्ये उरते. ज्याने त्या शिडीवरून हजारदा चढउतार केली, तो माणूस मॉडेलसमोर उभा राहिला की आधी तीच शिडी शोधतो. ती चुकीच्या बाजूला असेल, तर बाकीचे शंभर भाग त्याच्या लेखी फुकट.

म्हणून निवृत्त नौसैनिकांना विनंती : जुन्या अल्बममध्ये डेकवर काढलेला ग्रुप फोटो असेल, तर मागे तारीख आणि जहाजाचे नाव लिहून ठेवा. तुम्ही त्यात स्वतःचा चेहरा बघता. आम्ही तुमच्या मागचा कठडा, होडीचा हूक, दोराची गुंडाळी बघतो. पितळी पत्रा बाजारात मिळतो. कुठला तुकडा कुठे होता, हे फक्त तुम्हीच सांगू शकता.

जय हिंद.