शेवटच्या बाकाला किल्ली द्या

मा. शिक्षणाधिकारी, नागपूर महानगरपालिका यांस,


जूनअखेर विदर्भातल्या शाळा भरतात आणि आठवडाभरात वर्गाचा मॉनिटर ठरतो. बहुधा पहिल्या बाकावरचा, सुवाच्य अक्षराचा. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, हे त्याचं मुख्य काम. ती नावं वर्षभर तीच असतात.

या नावांचं काय करायचं, याचं उत्तर आपल्याच शहरात आहे. २००१ साली हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडताना दिसली. त्यांनी पोरांना फुटबॉल दिला. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला अखिलेश पॉल इथे खेळू लागला आणि २०१० मध्ये रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार झाला. २०१६ मध्ये संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ चित्रपटाने बारसे घरोघरी पोहोचवले, पण टाळ्यांच्या गजरात कर्णधारपदाचा मुद्दा मागे पडला. कर्णधाराला वेळेवर यावं लागतं, इतरांची भांडणं सोडवावी लागतात, हरल्यावरही संघ सांभाळावा लागतो. ज्याच्यावर कुणी भरवसा टाकला नव्हता, त्याच्यावर अख्खा संघ विसंबलेला असतो.

वर्गात हे जमणार नाही का?

शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने छडी आणि मानसिक छळ, दोन्ही बंद केले. योग्यच केलं. पण छडीच्या जागी काय, हे कायदा सांगत नाही. मग वांड पोरगा वर्गाबाहेर उभा राहतो.

त्याच्याकडे खेळाच्या सामानाची किल्ली द्यावी. परिपाठाची घंटा द्यावी. मधल्या सुट्टीत खिचडीच्या ताटांचा हिशेब, नाहीतर पहिलीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना रांगेने नळावर नेणं. काम खरं हवं; त्याने घंटा दिली नाही तर शाळा खोळंबली पाहिजे. झाडलोट नको, ती शिक्षाच वाटते. हाती फळ्याचा खडूही नको, नाहीतर वर्गाला आयता दादा मिळेल. आणि ‘आधी सुधार, मग देऊ’ ही अट तर मुळीच नको. चार दिवसांत तो किल्ली हरवेल, एखादवेळी चेंडूही घरी नेईल. तेवढ्यावरून काम काढून घेऊ नये.

यंदा मॉनिटर ठरण्याआधी शेवटच्या बाकावरच्या निदान दोघांना असं काम द्यावं, एवढी सूचना आपण शाळांना द्या. फक्त त्याचा नवा तक्ता शिक्षकांना भरायला लावू नका.

कळावे,
एक नागपूरकर