गाठीचा रिपोर्ट कशासाठी?

मागच्या महिन्यात वस्तीतली एक सून आमच्याकडे फाइल घेऊन आली. सासूला फुप्फुसाचा कर्करोग, ॲडिनोकार्सिनोमा, बराच पसरलेला. बाईचा जन्म चुलीपुढे गेला, विडीला कधी शिवली नाही. "ताई, जीनची तपासणी सांगितलीय. गळ्यातलं मोडू का?" आम्ही विचारले, कोणती तपासणी?

फरक इथेच आहे. गाठीतली कोणती जनुके जोरात चालू आहेत आणि कोणती गप्प आहेत, हे मोजून आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधतात. ही भाकिताची तपासणी. दुसरी तपासणी ईजीएफआरसारख्या जनुकातला बिघाड शोधते. तो सापडला तर जेफिटिनिबसारखी रोजची गोळी लागू पडू शकते. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांत हा बिघाड जास्त आढळतो. सुनेला आम्ही सांगितले, ही दुसरी कराच. पण गळ्याला हात लावण्याआधी सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

भाकिताचे संशोधन खोटे, असे आमचे म्हणणे नाही. पण ते किती घसरू शकते, हे अमेरिकेत दिसले. शस्त्रक्रियेनंतर कोणाचा फुप्फुसाचा कर्करोग उलटेल हे जनुकांवरून सांगता येते, असा लेख २००६ साली ड्यूक विद्यापीठातल्या अनिल पोट्टी आणि सहकाऱ्यांनी छापला. मोठा गाजावाजा झाला. याच गटाची आकडेवारी बॅगर्ली आणि कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी चिकाटीने तपासली, तेव्हा चुकांवर चुका निघाल्या. २०११ मध्ये तो लेख मागे घेतला गेला. तोवर या गटाच्या तशाच चाचण्यांवरून खऱ्या रुग्णांची औषधे ठरवली गेली होती. घरातली पत्रिका फेकून देणाऱ्या आपण लॅबच्या पत्रिकेलाही प्रश्न विचारावा: या रिपोर्टने सासूचे औषध बदलणार आहे का? नसेल, तर पैसे कशाला?

आणि खरे भाकीत आजार कोणत्या टप्प्यावर सापडला यावरच बरेचसे ठरते. खोकला हटत नाही, थुंकीत रक्त येते, वजन उतरते, तर थुंकीची तपासणी मागा. टीबीच्या गोळ्यांनी दोन महिन्यांत उतार नसेल तर सीटी स्कॅन मागा, अडून बसा.

त्या फाइलच्या तळाशी साडेचार महिन्यांच्या टीबीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या होत्या. थुंकी तपासल्याचा कागद एकही नव्हता.