एमपीटीएच : नोंद आहे, रकाना नाही

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने 9 सप्टेंबर 2025 रोजी पत्र काढले की फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉ.' लावू नये. 10 सप्टेंबरला दुसरे पत्र निघाले. पहिले तूर्त मागे, आणखी विचार करावा लागेल. एका दिवसाचे आयुष्य लाभलेल्या या कागदावर आपल्या व्यवसायाने जेवढा घसा आणि जेवढा मोबाइल डेटा खर्च केला, तेवढा गेल्या पाच वर्षांत दुसऱ्या कशावर केला नसेल. दवाखान्यांच्या पाट्यांवरची अक्षरे पुसायची की ठेवायची, यावर ग्रुपांत रात्री जागवल्या गेल्या.

याच धामधुमीत धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून एका वाचकाचे पत्र या मासिकाकडे आले. त्यात 'डॉ.'चे नावही नाही. गृहस्थ शेतकरी, मुलीची बीपीटीएचची इंटर्नशिप संपलेली. "संपादक साहेब, पोरगी एमपीटीएच करू म्हणतीय. आणखी दोन वर्षं, फी वेगळी, राहण्या-खाण्याचं वेगळं. करून हिकडंच आली तर तिला जास्तीचं काय मिळंल, तेवढं सांगा."

कंत्राटी सरकारी नोकरीच्या मानधनापुरते खरे उत्तर दोन शब्दांचे आहे. काहीच नाही.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जिल्हावार जाहिराती वाचकांनी शेकड्याने पाहिल्या आहेत, तरी एकदा पुन्हा पाहाव्यात. पद फिजिओथेरपिस्ट, अर्हता फिजिओथेरपीची पदवी, नेमणूक कंत्राटी, अकरा महिने आणि काही दिवसांची. मानधन अनेक जिल्ह्यांत 20,000 रुपये. आता गंमत पाहा. निवडीच्या गुणांकनात जादा शैक्षणिक अर्हतेला गुण असतात. म्हणजे एमपीटीएच झालेली मुलगी यादीत वर चढते, बीपीटीएचवाल्या मैत्रिणीला मागे टाकते आणि मैत्रिणीला मिळाले असते तेवढ्याच मानधनावर सही करते. पदव्युत्तर पदवी निवड समितीला दिसते, लेखा विभागाला दिसत नाही. एकाच कार्यालयात, एकाच फाइलमध्ये.

दुसरीकडे 2002 च्या कायद्याने आलेली राज्याची व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद ही जादा अर्हता नोंदवून घेते. अर्ज, प्रमाणपत्रांच्या प्रती, शुल्क, सगळे रीतसर. नोंद करायला शासनमान्य खिडकी आहे, पण त्या नोंदीची किंमत मोजणारा रकाना राज्याच्या एकाही जाहिरातीच्या नमुन्यात सापडत नाही. शुल्क घेतले तेव्हा दोन वर्षे खरी होती, पगाराच्या दिवशी ती गेली कुठे? असे विचारले की "वरून नॉर्म तसेच आलेत" हे उत्तर मिळते. वर विचारले की राज्याचा प्रस्तावच नाही म्हणतात.

तेरसारख्या गावात या दोन वर्षांची गरज नाही, असे कुणी म्हणत असेल तर त्याने तिथली एक ओपीडी बसून पाहावी. अंगावरून वारं गेलेली पंचावन्नची बाई तीन महिन्यांनी पहिल्यांदा येते. उजवा खांदा सुटलेला, ॲक्रोमियनखाली दोन बोटे बसतील एवढे सबलक्सेशन. घरचे रोज त्याच हाताला धरून तिला खाटेवरून उठवत होते, कारण तसे उठवू नये हे कुणी सांगितलेच नव्हते. मनगट आत वळलेले, पाऊल पडलेले, एएफओ हा शब्द आयुष्यात न ऐकलेला. आणि सोबतचा मुलगा विचारतो, "किती शेक घ्यावे लागतील?" इथे आयएफटीचे पॅड लावून वीस मिनिटे घड्याळ बघणारा माणूस कामाचा नाही. न्यूरोची पोझिशनिंग, हाताळणी, घरच्यांचे प्रशिक्षण पक्के येणारा लागतो आणि आठवड्याने पुन्हा एसटीने येणे जमणार नाही हे धरून घरचा कार्यक्रम आखणारा लागतो. सोयाबीन काढणीनंतर येणाऱ्या कंबरा आणि गुडघे वेगळेच.

हे गाव गोरोबाकाकांचे. ज्या संताच्या कथेत थोट्या हातांना पुन्हा हात फुटतात, त्याच्या गावात हाताचे पुनर्वसन चमत्कारावर सोडून देणे बरे दिसत नाही.

याच भागाने 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप सोसला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली आणि हजारो जायबंदी झाली. जखमीला ढिगाऱ्यातून काढणे हे काम काही दिवसांचे असते, पाठीचा कणा दुखावलेल्याला उभे करणे वर्षांचे. हे ज्या जिल्ह्यांनी पाहिले, तिथे तरी पुनर्वसनाचे तज्ज्ञपद कायमचे असायला हवे होते. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 मध्ये आला, त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आणि खालच्या पातळीवर पुनर्वसन कार्यकर्ता अशी मांडणी झाली. पदव्युत्तर माणसासाठी जागा त्यातही नाही. धाराशिवला 2022 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आता निदान तिथे तरी अशी पदे मागता येतील. मागणार कोण, हा प्रश्न आहे.

मुलगी शिकायला जाईल कुठे? लातूरला महाविद्यालय आहे. पुणे, कराड, लोणी आहे. तेरणा नदीचे नाव लावणारे फिजिओथेरपी महाविद्यालयही आहे, पण ते नेरुळला. तेरच्याच पद्मसिंह पाटलांनी उभ्या केलेल्या ट्रस्टचे ते. यात ट्रस्टला दोष देण्यासारखे काही नाही, महाविद्यालये खाटा आणि रुग्णसंख्या पाहूनच उभी राहतात. मात्र मुलगी एकदा नेरुळच्या बाजूला गेली की परतीची गाडी धरायला तिच्याकडे कारण उरत नाही. मुंबईत ती रुळते, सीव्हीआरएस किंवा मस्क्युलो घेते, एखाद्या कॉर्पोरेट रुग्णालयात लागते. कम्युनिटी शाखा बहुतेकांच्या पसंतीक्रमात तळाला. त्या शाखेचे विद्यार्थी प्रबंधाच्या वर्षी गावात येतात खरे. प्रश्नावल्या भरून घेतात, गोनिओमीटर लावतात, बायकांच्या गुडघ्यांचे अंश टिपतात आणि जातात. प्रबंधाला गाव चालते, नेमणुकीला नाही.

वर्षे तर वाढतच चालली आहेत. संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाने एप्रिल 2025 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासक्रमात पदवी पाच वर्षांची आहे, त्यात वर्षभराची इंटर्नशिप. आपल्याकडे चार वर्षे आणि सहा महिने इंटर्नशिप असे होते. म्हणजे पदव्युत्तर धरून सात वर्षे. अभ्यासक्रम चांगला आहे, एकसारखेपणा यायलाच हवा होता. 'डॉ.' आणि मागे 'पीटी' ही मुभाही त्यातलीच, जिच्यावरून पुढचे रामायण घडले. पण ज्या आयोगाचा कायदा मार्च 2021 मध्ये झाला, ज्याच्या राज्य परिषदा सहा महिन्यांत व्हायच्या होत्या आणि ज्यासाठी ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला 12 ऑक्टोबरची मुदत घालून द्यावी लागली, त्या यंत्रणेने शिक्षणाची लांबी आधी वाढवावी आणि पदांच्या आकृतिबंधाला हात लावू नये, हा उलटा क्रम आहे.

अमेरिकेत 2016 पासून प्रवेशपातळीची पदवीच डीपीटी आहे. आपला एमपीटीएचवाला तिकडे गेला की त्याच्या प्रत्येक विषयाचे तास आणि क्रेडिट मोजले जातात, कमी पडतील तिथे पुन्हा शिकायला लावतात, मग एनपीटीई परीक्षा. कटकट आहे, खर्चही मोठा आहे. तरी दोन वर्षांचा हिशेब निदान कुणीतरी कागदावर मांडते. नाशिकच्या विद्यापीठाने दिलेल्या पदवीची मोजदाद परदेशात होते आणि धाराशिवच्या जाहिरातीत होत नाही.

सरकारला नावे ठेवताना घरचेही पाहिले पाहिजे. 'एमपीटीएचला प्राधान्य' असे लिहून नवख्या बीपीटीएचच्या पगारावर मुली ठेवणारी क्लिनिके कुणाची आहेत? आपल्याच सभासदांची. अधिवेशनात पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत बसणाऱ्यांचीही त्यात आहेत. खासगी महाविद्यालयांत फी भरून ओपीडी चालवणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळावे, यावर संघटनेच्या बैठकीत शेवटची गंभीर चर्चा कधी झाली, हे पदाधिकाऱ्यांनी आठवून सांगावे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला केईएममध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातले पहिले विद्यालय निघाले ते पोलिओच्या मुलांना चालवण्यासाठी. त्या पिढीने पाटीवर काय लिहावे यापेक्षा वॉर्डात किती हात लागतील याचे हिशेब जास्त मागितले असावेत.

तेव्हा सभासदांनो, 'डॉ.'च्या वादाला थोडी विश्रांती द्या. आता मागणी एकच आणि छोटी. कंत्राटी फिजिओथेरपिस्टाच्या मानधनात पदव्युत्तर अर्हतेसाठी वेगळा टप्पा हवा आणि जाहिरातीच्या नमुन्यात त्याचा रकाना हवा. नवे पद नको, नवी इमारत नको. पुढच्या आर्थिक वर्षाचे प्रस्ताव जिल्ह्यांतून राज्य आरोग्य सोसायटीकडे जाण्याआधी प्रत्येक जिल्हा शाखेने जिल्हा शल्य चिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांना हे निवेदन द्यावे, पोच घ्यावी. पोच घेतलीच पाहिजे. तोंडी सांगून चहा पिऊन परत आलेल्यांचा अनुभव सगळ्यांना आहे.

तेरच्या गृहस्थांना या अंकाची प्रत पाठवली आहे. सोबत लिहिले आहे की मुलीला सीईटीचा अर्ज भरू द्या आणि शाखा निवडताना न्यूरो किंवा कम्युनिटीचा विचार करायला सांगा. पगाराचे समाधानकारक उत्तर त्यांना अजून देता आलेले नाही. त्यासाठी वाचकांनी आपापल्या जिल्ह्यातल्या गेल्या तीन वर्षांच्या जाहिराती या कार्यालयाकडे पाठवाव्यात. जिल्हा, तारीख, अर्हता आणि मानधन स्पष्ट वाचता येईल असा फोटो हवा. "सर, हे बघा" एवढेच लिहून पुढे ढकललेला अर्धवट स्क्रीनशॉट स्वीकारला जाणार नाही.