चर्चच्या विस्तारासाठी निधी : विटा मोजण्याआधी हिशेब मांडा

नाताळच्या आदल्या रात्रीची मिस्सा असो वा ईस्टरचा रविवार, मुंबईच्या उपनगरांतील अनेक चर्चमध्ये आतली बाके भरतात आणि उरलेले भाविक आवारातल्या मंडपात बसतात. मग कधीतरी विस्ताराचा विषय निघतो. आराखडा तयार होतो आणि रविवारच्या घोषणांमध्ये 'बिल्डिंग फंड' हा शब्द येऊ लागतो. हा निधी कसा उभा राहतो, त्यावर कोणाचे नियंत्रण असते आणि भाविकांनी काय विचारायला हवे?

आधी गणित

समजा, ६०० कुटुंबांच्या एका पॅरिशला ३ कोटी रुपये उभे करायचे आहेत. सरासरी काढली तर कुटुंबामागे ५० हजार रुपये. तीन वर्षांत विभागले तर महिन्याला साधारण १,४०० रुपये. कागदावर हे जमण्यासारखे दिसते. पण सरासरी कोणाच्याही घरी राहत नाही.

देवनारचेच पाहा. इथे जुने गावठाण आहे, नवे टॉवर आहेत, 'टिस'चे संकुल आहे आणि १९२७पासूनचे डम्पिंग ग्राउंडही आहे. महापालिकेच्या २००९च्या मानव विकास अहवालात एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. अशा भागात एकाच बाकावर बँकेतले निवृत्त अधिकारी आणि घरकाम करणारी बाई शेजारी बसू शकतात. दोघांच्या हाती सारख्याच रकमेचे पाकीट देणे हा समान न्याय नव्हे.

चर्चचा कायदा काय सांगतो?

कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कॅनन कायद्यात याची उत्तरे बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. बिशपांच्या लेखी संमतीशिवाय नवे चर्च बांधता येत नाही (कॅनन १२१५). प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थसमिती असणे बंधनकारक आहे (कॅनन ५३७). एखाद्या विशिष्ट कामासाठी दिलेले दान त्याच कामासाठी वापरावे लागते (कॅनन १२६७). भाविकांनी दिलेल्या मालमत्तेचा हिशेब भाविकांना द्यायचा असतो (कॅनन १२८७). आणि गरिबीमुळे कोणीही साक्रामेंतांपासून वंचित राहू नये, याची काळजी घ्यायची असते (कॅनन ८४८). म्हणजेच बाप्तिस्मा किंवा लग्नाची तारीख विचारायला आलेल्या कुटुंबाला आधी बिल्डिंग फंडाची पावती विचारणे नियमातही बसत नाही आणि श्रद्धेतही.

देशाचा कायदा

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांना १९५०च्या कायद्यानुसार हिशेब ठेवावे लागतात आणि त्यांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारता येत नाही. प्रार्थनास्थळाच्या बांधकामासाठी दिलेल्या देणगीवर सहसा करसवलत मिळत नाही. केंद्राने ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेल्या वास्तूंची दुरुस्ती हा अपवाद. 'ऐंशी-जीची पावती देऊ' असे कोणी सांगत असेल, तर नीट चौकशी करावी.

परदेशातल्या नातेवाइकांकडून येणारा पैसा हा वेगळा विषय. दुबईत नोकरी करणारा भारतीय नागरिक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ते विदेशी योगदान ठरत नाही. त्याच्याच भावाने कॅनडाचे नागरिकत्व घेतले असेल, तर त्याची देणगी मात्र विदेशी ठरते. अशा देणगीसाठी संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते.

खरेच भिंत वाढवायला हवी का?

वर्षातल्या चार-पाच दिवसांच्या गर्दीसाठी बांधलेले सभागृह उरलेले दिवस रिकामे राहते, पण वीज, रंगकाम आणि वॉटरप्रूफिंगचा खर्च बारमाही असतो. दादरच्या पोर्तुगीज चर्चची १९७०च्या दशकात पुनर्बांधणी करताना चार्ल्स कोरिया यांनी बंदिस्त जागांना खुल्या अंगणांची जोड दिली. छायादार अंगण, एखादी जादा मिस्सा, टप्प्याटप्प्याने बांधकाम या पर्यायांचा खर्च मोठ्या आराखड्याशेजारी मांडला गेला पाहिजे. बार्सिलोनातील सग्रादा फामिलिया १८८२पासून देणग्यांवर आणि अलीकडे प्रामुख्याने पर्यटकांच्या तिकिटांवर उभे राहत आहे. उपनगरातल्या पॅरिशला तिकीट लावता येत नाही. तिथे अर्धवट राहिलेला स्लॅब म्हणजे गंजणाऱ्या सळया.

मग काय करावे?

विस्ताराला विरोध करण्याचे कारण नाही. माणसे वाढली की जागा लागतेच, आणि पाळणाघर, अभ्यासिका किंवा दवाखान्यासाठी आठवडाभर उघडे राहणारे सभागृह देवनारसारख्या भागाला हवेच आहे. पण तीन अटी हव्यात. जमा, खर्च आणि शिल्लक दर महिन्याला चर्चच्या दारावर लावावी. ठरलेला हिस्सा हाती आल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करू नये. आणि देणगीदारांची नावे लावायचीच असतील, तर रकमेशिवाय लावावीत. रॅफल, हाऊजी, खाद्यमेळा जरूर व्हावा. तिथे शंभर रुपये देणाऱ्यालाही सहभागी होता येते.

भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर दहा लाख देणाऱ्याचे नाव दिसते. महिन्याला पन्नास रुपये देणाऱ्या बाईचा वाटा मात्र फक्त हिशेबाच्या कागदावर दिसू शकतो. म्हणून तो कागद पाटीच्या आधी लागायला हवा.