माथ्यावर नाव लिहून

यंदाच्या अंकातल्या कवितांच्या विभागासाठी कवींना पत्र पाठवताना आम्ही एकच अट घातली होती. आवडत्या कवीची एक ओळ घ्यायची, तिच्यातून नवी कविता लिहायची आणि ज्याची ओळ घेतली त्याचे नाव कवितेच्या माथ्यावर ठळक द्यायचे. काही ज्येष्ठांना हे रुचले नाही. नवशिक्यांच्या सरावाला हे ठीक आहे, पण ज्याच्याजवळ स्वतःचे सांगण्यासारखे आहे तो दुसऱ्याच्या ओळीला हात कशाला लावील, असे त्यांनी कळवले. या आक्षेपाला अंकाच्या दारातच उत्तर द्यायला हवे. आणि नागपूरइतके चांगले उत्तर क्वचितच दुसऱ्या गावाजवळ असेल.

रामटेक इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे. ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरात राहून साधार मांडले. रामटेकच्या गडावर गेल्यावर कालिदासाची आठवण आपल्या सगळ्यांना होते, जिनसेनाची मात्र फारशी कुणाला होत नाही. हा जैन आचार्य नवव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा पहिला अमोघवर्ष याच्या काळातला. त्याने ‘पार्श्वाभ्युदय’ नावाचे काव्य लिहिले आणि त्यात अख्खे ‘मेघदूत’ ओळीओळीने सामावून घेतले. श्लोकात एक किंवा दोन चरण कालिदासाचे, उरलेले आपले, वृत्त तेच मंदाक्रांता. असे 364 श्लोक. समस्यापूर्तीचा एवढा मोठा घाट दुसऱ्या कुणी घातल्याचे मला माहीत नाही.

त्याने त्या ओळींचे काय केले, हे खरे पाहण्यासारखे आहे. कालिदासाचा यक्ष विरहाने व्याकूळ होऊन मेघाची विनवणी करतो. जिनसेनाकडे यक्ष आहे तो वैरी. पूर्वजन्मीचा कमठ आता शंबर होऊन ध्यानस्थ पार्श्वनाथांसमोर उभा राहतो, त्यांना डिवचतो, अलकेची आणि तिथल्या सुखांची भूल घालतो. प्रेमाने भिजलेल्या त्याच ओळी इथे तपोभंगाचे शस्त्र होतात. कालिदासाचा मेघ उत्तर देत नाही, कारण तो मेघ आहे. पार्श्वनाथ उत्तर देत नाहीत, कारण ते ढळत नाहीत. ‘मेघदूता’तल्या त्या मुक्या श्रोत्याकडे इतक्या बारकाईने पाहणारा रसिक जिनसेनाआधी झाला असेल असे मला वाटत नाही. ज्या शृंगाराकडे त्याच्या धर्माने पाठ फिरवली होती, त्या शृंगाराची एकेक ओळ तो किती जिव्हाळ्याने हाताळतो!

शिवाय या काव्याने एक अनपेक्षित उपकार केला. ‘मेघदूता’च्या हस्तलिखितांत शतकानुशतके भर पडत गेली आणि मूळ श्लोक किती यावर टीकाकारांचे एकमत राहिले नाही. काशिनाथ बापूजी पाठक यांनी 1894 मध्ये ‘पार्श्वाभ्युदया’त गुंफलेले ‘मेघदूत’ वेगळे काढून छापले. जिनसेनाच्या काळी कालिदासाचे काव्य कसे वाचले जाई याचा तो पुरावा ठरला. त्यात 120 श्लोक आहेत, वल्लभदेवाच्या टीकेत 111. ज्याने ओळी उचलल्या, त्यानेच त्या सांभाळल्या.

मराठीत ही रीत परकी कधीच नव्हती. तुकोबा सांगतात की नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन जागे केले आणि शतकोटी अभंगांचा अपुरा राहिलेला संकल्प पुरा करायला सांगितले. म्हणजे आपल्या सर्वांत स्वतंत्र वाणीच्या कवीने आपल्या कवित्वाचा उगम दुसऱ्या कवीच्या उरलेल्या कामात दाखवला आहे, आणि तरी प्रत्येक अभंगाखाली मुद्रा स्वतःची उमटवली आहे. मर्ढेकरांनी ‘काही कविता’त (1947) संतांच्या ओव्या-अभंगांचे वळण घेऊन यंत्रयुगातल्या माणसाची दैना लिहिली. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ही याच घराण्यातली, नीट वाचल्याशिवाय विडंबन साधत नाही.

पण नागपूरकराला ही रीत सर्वांत जवळून भेटते ती उर्दूत. उत्तरेतून आलेल्या विणकरांनी कामठी आणि मोमिनपुऱ्यात हातमागांसोबत शायरीही रुजवली. दाग देहलवींचे शागिर्द नातिक गुलावठवी इथलेच, शाहिद कबीरही इथलेच. तरही मुशायऱ्यात आधी एक मिसरा जाहीर होतो. त्याबरोबर वृत्त, काफिया म्हणजे यमक आणि रदीफ म्हणजे यमकामागून प्रत्येक शेरात तसेच येणारे शब्द ठरून जातात, म्हणजे जमीन मिळते. प्रत्येक शायर त्या जमिनीत आपली गझल बांधतो आणि एका शेरात दिलेल्या मिसऱ्यावर आपला मिसरा चढवतो. याला गिरह लावणे म्हणतात. गिरह पक्की बसली की दिलेली ओळ या नव्या ओळीचीच वाट पाहत होती असे वाटते आणि मैफल दाद देते. कच्ची राहिली तर जोड उघडा दिसतो. तिथे लपायला जागा नसते, कारण मूळ ओळ समोरच्या प्रत्येकाला पाठ असते.

सुरेश भटांनी मराठी गझलेला व्याकरण दिले. आज मराठीतही तरही गझल भरपूर लिहिली जाते आणि भटांच्याच ओळी त्यासाठी सर्वाधिक घेतल्या जातात. मला तिच्यात एक धोका दिसतो. रदीफ मूळ कवीचा भावही सोबत ओढून आणतो. रदीफात रात्र असली की पाचही शेर रात्रीतच अडकतात, आणि मग जमीन मिळूनही पीक पूर्वीच्याच मालकाचे निघते.

याहून मोठे दुखणे वेगळे आहे. विदर्भातून येणाऱ्या कवितांच्या गठ्ठ्यात दरवर्षी ग्रेस यांची संध्याकाळ असते, त्यांच्या प्रतिमांची ठेवण असते, भटांचा बाणा असतो. फक्त त्यांचे नाव कुठेच नसते. ओळ एकही घेतलेली नसते, आवाज मात्र सगळा घेतलेला असतो. अनेकदा कवीला त्याची जाणीवही नसते. माथ्यावर नाव लिहिण्याची अट आम्ही घातली ती यासाठीच. ‘ही ओळ त्यांची’ असे एकदा लिहिले की पुढच्या ओळीपासून आपले काय, हा प्रश्न टळत नाही. नाव लिहिल्याने कवी मोकळा होतो, अशी माझी खात्री आहे.

आलेल्या कवितांत ज्यांनी घेतलेल्या ओळीचा भाव नुसता लांबवला होता, त्या आम्ही परत केल्या. ठेवल्या त्यांतली एक काटोलकडच्या कवयित्रीची आहे. तिने विरहाची एक नाजूक ओळ निवडली आणि पाणी आटल्यावर संत्र्याची बाग स्वतःच्या हाताने तोडणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी घातली. मूळ कवीला हे सुचणे शक्य नव्हते, आणि त्याच्या ओळीशिवाय तिलाही सुचले नसते. मूळ कविता आम्ही छापल्या नाहीत, फक्त कवी आणि संग्रह यांची नावे दिली आहेत. ते संग्रह वाचकांनी शोधून काढावेत.

एक खंत उरते. भटांच्या ओळींवर कविता आल्या, तुकोबांच्या ओळींवर आल्या, कुसुमाग्रजांच्या आल्या. कवी अनिलांच्या ओळीवर एकही आली नाही. ‘भग्नमूर्ती’ आणि ‘पेर्ते व्हा’ लिहिणारे, मुक्तछंदासाठी भांडणारे आणि उतारवयात दहा ओळींचा नवा घाट घडवून ‘दशपदी’साठी 1977 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे अनिल या शहराचे कवी होते. पुढच्या वर्षी ओळ निवडण्याची मोकळीक नसेल. ओळ आम्ही देऊ, ती अनिलांची असेल, आणि कविता दहाच ओळींची हवी. पत्रे जूनमध्ये निघतील.