सर्वांत कमी दराची सही

सरकारी रुग्णालयासाठी हातमोजे घ्यायचे असतात. निविदेचे दोन लिफाफे येतात, तांत्रिक आणि आर्थिक. पहिल्यात पात्र ठरलेल्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्यालाच पुरवठा आदेश. थोडे महाग पण टिकाऊ हातमोजे अधिकाऱ्याला दिसत असतात. पण ते निवडले तर लेखापरीक्षणाचा आक्षेप येईल, कदाचित चौकशीही लागेल. स्वस्त, निकृष्ट मालाबद्दल मात्र सहसा कुणी जाब विचारत नाही. ही भीती लाचखोरीइतकीच घातक आहे, असे आम्हाला वाटते.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२१ मध्ये काही कामे व सेवांसाठी गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली. वस्तूंच्या बाबतीत मात्र खरा निर्णय निविदा उघडताना होतच नाही. तो आधी, तांत्रिक तपशील लिहिताना होतो. तिथे ढिलाई झाली की पुढे सारे नियमानुसारच बिघडते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडूच्या औषध खरेदी महामंडळाने दर कमीच ठेवले, पण औषधाच्या प्रत्येक बॅचची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय ते रुग्णालयांना द्यायचे नाही, असा शिरस्ता पाडला. महाराष्ट्राने वैद्यकीय खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला तो २०२३ मध्ये.